मोड आणि घडणावळ

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यापासून जवळच, सराफा बाजार आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांची छावणी येथे स्थिरावली, छावणीचे शहर झाले, आणि त्या शहराला नावही ‘लष्कर’ असेच पडले. शिंद्यांबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांच्या पुढल्या पिढ्या आजही येथे नांदत आहेत. त्यांच्या घरची एखादी बाई जुना दागिना घेऊन सराफाच्या पेढीवर गेली, की दोन शब्द हटकून कानी पडतात. एक शब्द ‘मोड’ आणि दुसरा ‘घडणावळ’. दागिना मोडीत दिला म्हणजे सोन्याचा भाव पदरात पडतो. परंतु त्या सोन्यावर कारागिराने खर्ची घातलेले दिवस, त्याची नजर आणि त्याचा हात, हे सारे मुशीत वितळून जाते. नवा दागिना घडवावयाचा, तर घडणावळ पुन्हा नव्याने द्यावी लागते.

आज मी आपल्याशी बोलणार आहे ते एका निराळ्याच मोडीविषयी. पुष्कळ जुन्या घरांच्या माळ्यावर व्हॉल्व्हचा एखादा रेकॉर्ड प्लेअर धूळ खात पडलेला असतो. एके दिवशी माळा आवरावयास निघतो आणि तो भंगारवाल्याच्या तराजूत जातो. थोडे लोखंड, थोडे तांबे, एक लाकडी पेटी. या हिशेबाने जी रक्कम येते ती हाती घेऊन आपण मोकळे होतो. सराफ्यात धातू महाग आणि घडणावळ बुडीत. येथे हिशेब नेमका उलटा आहे. या यंत्रातील तांब्याचे मोल ते किती! परंतु तेच तांबे केसासारख्या बारीक तारेच्या रूपाने, वेढे मोजून, थराथरांमध्ये कागद घालून ट्रान्सफॉर्मरवर गुंडाळलेले असते. त्या यंत्रात जे काही मोलाचे आहे ते सारे घडणावळच आहे. ते वजनावर विकणे म्हणजे घडणावळ टाकून देऊन मूस विकत घेण्यासारखे आहे.

हेच यंत्र जाणत्या हाताने उलगडले, तर त्याच्या सुट्या भागांतून गिटारसाठी एक छोटा, गोड आवाजाचा ध्वनिवर्धक उभा राहू शकतो. तो कसा उभा राहतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे काम केव्हा करावे व केव्हा मुळीच करू नये, हे सांगण्याचा माझा विचार आहे.

रेकॉर्ड प्लेअर आणि गिटारचा ध्वनिवर्धक ही सख्खी भावंडे आहेत. तबकडीच्या खाचेतून सुई फिरू लागली की तिच्या थरथरण्यातून विजेची एक क्षीण लहर निर्माण होते. व्हॉल्व्ह त्या लहरीला बळ देतो, शेवटचा ट्रान्सफॉर्मर ती लाउडस्पीकरला पचेल अशा रूपात आणून सोडतो, आणि घरात गाणे उमटते. विजेच्या गिटारमध्ये सुईच्या जागी पोलादी तार असते. तिच्याखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तारेची गुंडाळी असते. तार कंप पावली की गुंडाळीत तशीच लहर उठते. तेथून पुढचा मार्ग बहुतांशी एकच. म्हणूनच गिटारच्या ध्वनिवर्धकाचा जन्म संगीताच्या दालनात झाला नाही; तो रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावर झाला. लिओ फेंडर यांनी १९३८ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले होते. पुढे ज्या ध्वनिवर्धकांनी त्यांचे नाव जगभर गेले, त्यांचे पहिले आराखडे त्या काळच्या रेडिओच्या आराखड्यांहून फारसे निराळे नव्हते.

आपल्याकडे तर हे नाते आणखी जवळचे. वॅन शिप्ली यांच्यासारख्या वादकाने विजेच्या गिटारवर वाजविलेली चित्रपटगीते तबकड्यांवरून घरोघरी गेली. विजेच्या गिटारचा सूर आपल्या कितीतरी दिवाणखान्यांत प्रथम आला, तो रेकॉर्ड प्लेअरच्या व्हॉल्व्हमधूनच.

टाकाऊ भागांतून ध्वनिवर्धक घडल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधले आहे. ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी हे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचे विद्यार्थी. त्यांचे सहकारी जॉन डीकन यांना १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लंडनमध्ये कचऱ्यात टाकलेला विद्युत्‌मंडलाचा एक तुकडा सापडला. तो त्यांनी एका लहानशा स्पीकरच्या पेटीत बसविला, आणि त्या पेटीचा आवाज ब्रायन मे यांच्या गिटारमधून क्वीनच्या अनेक ध्वनिमुद्रणांत कायमचा राहिला. त्या तुकड्यात व्हॉल्व्ह नव्हते, ट्रान्झिस्टर होते. पण टाकलेल्या वस्तूत घडणावळ शिल्लक आहे हे ओळखणारी नजर तीच होती.

ही नजर कशी कमवावी, हा खरा प्रश्न. तो माझ्यापुढे एका विद्यार्थ्याच्या निमित्ताने आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ नंतर, आमच्या उपासनेत लोकभाषा आल्या आणि त्यांच्या मागोमाग पुष्कळ चर्चमध्ये गिटारही आली. त्यामुळे ख्रिस्ती शाळेत नाताळाच्या कार्यक्रमासाठी गिटार वाजविणारा मुलगा असणे ही नवलाची गोष्ट नाही. या मुलाजवळ विजेची गिटार होती, ध्वनिवर्धक नव्हता. सराफ्यामागच्या गल्लीतील त्याच्या जुन्या वाड्यात मात्र एक रेकॉर्ड प्लेअर होता. “सर, तो चालतच नाही, मग ठेवायचा कशाला? त्याचाच करू या,” असे तो म्हणाला. त्याच्या आजी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मास्तर, आमच्या ह्यांनी पहिल्या पगारवाढीला घेतला होता तो. वाजत नसला म्हणून काय मोडीत काढायचा?”

दोघांचेही म्हणणे खरे होते. मुलाची गरज आजची होती. आजींच्या कपाटात दत्तात्रेय विष्णु पलुस्करांच्या तबकड्या होत्या. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर यांनी ती देशभर पसरविली, आणि विष्णु दिगंबरांचे हे पुत्र १९५५ साली, वयाची पस्तिशीही न गाठता निवर्तले. त्यांचा आवाज आज आपल्याला भेटतो तो ध्वनिमुद्रणांतूनच. ज्या यंत्रावर तो आवाज त्या घराने ऐकला, ते यंत्र उलगडण्यापूर्वी ते खरोखर मेले आहे की नुसते निजले आहे, एवढे तरी पाहावयास हवे होते.

म्हणून पहिला नियम असा : जो प्लेअर दुरुस्त होऊ शकतो, तो मोडू नये. न वाजणाऱ्या यंत्राचे दुखणे पुष्कळदा क्षुल्लक असते. चकती फिरविणारे रबरी चाक वर्षानुवर्षे एका जागी राहून टणक होते. सुईच्या डोक्यात जो स्फटिक असतो तो दमट हवेने निकामी होतो. त्याच्या जागी सिरॅमिकचे डोके बसविता येते. जुने कंडेन्सर वाळून जातात. आजींच्या यंत्रात हीच तीन दुखणी निघाली आणि तिन्ही बरी होण्यासारखी होती. तेव्हा ते यंत्र दुरुस्तीला घेतले, आणि ध्वनिवर्धकासाठी दुसरे शोधले. ते एका भंगारवाल्याकडे मिळाले. त्याची मोटर जळून गेली होती, सुईचा दांडा तुटला होता, चकती नाहीशी झाली होती. रेकॉर्ड प्लेअर म्हणून त्याचे आयुष्य संपले होते. मोडीस पात्र असे यंत्र ते हेच.

आता सराफाप्रमाणे कस लावावयाचा. सोन्याच्या दागिन्यावर आज हॉलमार्कचा शिक्का असतो. २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे. ९१६ हा आकडा पाहिला की सोने बावीस कॅरटचे, हे कळते. युरोपीय पद्धतीच्या व्हॉल्व्हवरही असाच शिक्का असतो, आणि तो वाचता आला की यंत्राची निम्मी कुंडली हाती येते. ‘ईसीएल ८२’ हे नाव घ्या. पहिले अक्षर ‘ई’, म्हणजे व्हॉल्व्ह तापविणाऱ्या तंतूला ६.३ व्होल्ट लागतात. ‘सी’ म्हणजे ट्रायोड, लहरीला पहिले बळ देणारा भाग. ‘एल’ म्हणजे शक्तिशाली पेंटोड, लाउडस्पीकर हलविणारा भाग. एकाच काचेत दोन्ही मावलेले आहेत. पुढचा ‘८’ हा आकडा नऊ पिनांची बैठक दाखवितो. ‘ईझेड ८०’ असे नाव दिसले, तर ‘झेड’वरून ओळखावे, की हा उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेची करणारा व्हॉल्व्ह आहे. बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे १९५४ साली स्थापन झालेल्या आपल्या सरकारी कारखान्यानेही, असे व्हॉल्व्ह बनविले. त्यांची छाप असलेली काच आजही जुन्या सेटमध्ये आढळते.

परंतु पहिले अक्षर ‘यू’ असेल, जसे ‘यूसीएल ८२’ किंवा ‘यूवाय ८५’, तर हात आवरावा. ‘यू’ म्हणजे हे व्हॉल्व्ह माळेत ओवल्यासारखे एकामागोमाग जोडून थेट घरातील विजेवर चालविलेले आहेत. अशा यंत्रात मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. मेकॅनिक ज्याला चासी म्हणतात, तो पत्र्याचा सांगाडा विजेच्या एका तारेला सरळ जोडलेला असतो, आणि प्लगच्या पिना उलटसुलट बसल्या की त्या पत्र्यात २३० व्होल्ट उतरतात. रेकॉर्ड प्लेअर म्हणून त्यात मोठा धोका नव्हता, कारण पत्रा लाकडी पेटीत बंद असे आणि बाहेरच्या खुंट्या बेकेलाइटच्या असत. गिटारची गोष्ट निराळी. गिटारच्या पोलादी तारा तिच्या वायरमधून थेट त्या सांगाड्याला जोडल्या जातात, आणि वाजविणाऱ्याची बोटे तर त्या तारांवरच असतात. हा एक धागा ज्याला उमगला नाही, त्याने हे काम हाती घेऊ नये. अशा यंत्राचे व्हॉल्व्ह आणि स्पीकर काढून ठेवावेत. त्याचा वीजपुरवठा मात्र जसाच्या तसा कधीही वापरू नये.

‘ई’ अक्षर पाहूनही निर्धास्त होता कामा नये. काही यंत्रांत व्हॉल्व्हच्या तंतूंना लागणारी वीज चकती फिरविणाऱ्या मोटरच्याच एका गुंडाळीतून घेतलेली असते, आणि बाकीचा पुरवठा थेट घरच्या विजेतून असतो. तेव्हा प्लग काढलेला असताना मीटर लावून पाहावे : प्लगच्या दोन मुख्य पिनांपैकी एकीचाही सांगाड्याशी संबंध आढळता कामा नये, आणि स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर डोळ्यांनी दिसला पाहिजे. तो असेल तर सांगाडा तीन पिनांच्या प्लगमधून जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, पक्का जोडावा आणि फ्यूज बसवावा.

दुसरा धोका प्लग काढल्यावरही राहतो. व्हॉल्व्हला अडीचशे-तीनशे व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो मोठ्या कंडेन्सरांमध्ये साठलेला असतो. जुने रेडिओ मेकॅनिक एक हात खिशात ठेवून काम करीत, कारण दोन्ही हात यंत्रात असले तर झटका छातीतून जातो. ही चाल जुनी असली तरी शहाणपणाची आहे. शिवाय कंडेन्सरच्या दोन टोकांमध्ये दोन लाख वीस हजार ओमचा, दोन वॅटचा रेझिस्टन्स कायमचा झाळून ठेवावा. वीज बंद झाल्यावर एक-दोन मिनिटांत साठा आपोआप ओसरतो. तरीही हात घालण्यापूर्वी मीटरने खात्री करून घ्यावीच. शाळकरी मुलांना हे काम एकट्याने करू देऊ नये, हे वेगळे सांगावयास नको.

आता घट किती धरावयाची ते पाहू. सराफ मळ आणि लाख यांचे वजन वजा करतो, आपणही करावे. साठ्याचे कंडेन्सर वजा, कारण त्यांतील ओलावा कधीच उडून गेलेला असतो. मेणाचे, कागदाचे कंडेन्सर तर आधी वजा. ट्रायोडकडून पेंटोडकडे लहर नेणारा कंडेन्सर गळू लागला, की त्यातून वीज पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर झिरपते आणि व्हॉल्व्ह आतून लाल होऊन मरतो. चारदोन रुपयांच्या वस्तूसाठी अमोल वस्तू जाते. कुजलेल्या रबराच्या वायरी वजा. उरते ते असे : मोठा ट्रान्सफॉर्मर, शेवटचा ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, त्यांच्या बैठका, लाउडस्पीकर आणि ती पेटी. हीच घडणावळ.

शेवटच्या ट्रान्सफॉर्मरचाही कस लावता येतो. ईसीएल ८२ च्या पेंटोडला २०० व्होल्टवर सुमारे ५,६०० ओमचा भार मानवतो, आणि लाउडस्पीकर असतो जेमतेम ४ ओमचा. या दोघांची गाठ घालावयाची, तर वेढ्यांचे प्रमाण साधारण ३७ ला १ असे हवे. सुटा काढलेला ट्रान्सफॉर्मर घेऊन त्याच्या जास्त वेढ्यांच्या बाजूस ६.३ व्होल्ट दिले आणि दुसऱ्या बाजूस सुमारे ०.१७ व्होल्ट मिळाले, की प्रमाण जुळले असे समजावे. उलट बाजूने वीज देऊ नये. तसे केल्यास दुसऱ्या टोकाला दोनशेहून अधिक व्होल्ट उभे राहतात.

एवढे झाल्यावर गिटार जोडली, तर आवाज येतो पण दबका येतो. कारण साधे आहे. स्फटिकाची सुई अर्धा व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक देते. गिटारचा पिकअप त्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाइतकेच देतो. रेकॉर्ड प्लेअर मोठ्या आवाजात बोलणाऱ्यासाठी बांधलेला आहे, गिटार कुजबुजते. म्हणून अगोदर आणखी एक पायरी घालावी लागते, आणि तिच्यासाठी ईसीसी ८३ हा दोन ट्रायोडांचा व्हॉल्व्ह योग्य. त्याचा निम्मा भागही पुरतो. मात्र नव्या पाहुण्यासाठी तंतूची वीज कोठून आणावयाची? ईसीएल ८२ ला ०.७८ अँपिअर लागतात, ईझेड ८० ला ०.६, आणि ईसीसी ८३ ला ०.३. आम्ही ईझेड ८० काढून त्याच्या जागी सिलिकॉनचे डायोड घातले. ०.६ अँपिअर वाचले, त्यांतले ०.३ नव्या व्हॉल्व्हला दिले, आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरवरचा भार वाढण्याऐवजी हलकाच झाला. डायोडमुळे व्होल्ट थोडे चढतात. ते एका रेझिस्टन्सने उतरविले. घरखर्चाचा मेळ घालणाऱ्या गृहिणीला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

या सगळ्या खटपटीतून मिळते काय? फार तर साडेतीन वॅट. मोठ्या सभागृहाला ते अपुरे, वर्गाला आणि छोट्या प्रार्थनामंदिराला पुरेसे. परंतु आवाजाची जात पाहावी. व्हॉल्व्हवर ताण पडू लागला की तो एकदम फाटत नाही; मूळ स्वरात वरचे स्वर हळूहळू मिसळू लागतात. त्यांतला पहिला मूळ स्वराच्या वरच्या सप्तकातील षड्ज, दुसरा त्याच्यावरचा पंचम. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी काढणाऱ्या ग्वाल्हेरच्या कानाला हे परके वाटू नये. एका तारेतून अनेक स्वर बोलते करण्याची कला आपण फार पूर्वीपासून जाणतो. रबाबात बदल होत होत सरोद घडला, आणि त्या वाद्याचे एक थोर घराणे, हाफिज अली खाँ यांचे, याच शहरातले. वाद्य उलगडून दुसरे वाद्य घडविणे ही येथील परंपरेला सोडून असलेली गोष्ट नव्हे.

नाताळाच्या कार्यक्रमात तो ध्वनिवर्धक वाजला. त्याआधी दोन आठवडे वाड्यात पलुस्करही गायले. आजींनी तबकडी संपेपर्यंत कोणाला बोलू दिले नाही. दोन्ही यंत्रे चालू राहिली, कारण एक मोडण्याआधी दोघांचाही कस लावला गेला.

श्रोतेहो, व्हॉल्व्ह तपासणारा, वेढे मोजून ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळणारा मेकॅनिक आज कोठे कोठेच भेटतो, आणि तोही बहुधा वृद्ध. त्याच्या हाताची घडणावळ तर कोणत्याही मोडीत परत मिळावयाची नाही. आपल्या गावात असा कोणी असेल तर एखाद्या होतकरू मुलाला त्याच्याकडे नेऊन बसवावे. आणि माळ्यावरची पेटी भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही दुरुस्त होईल काय? नसल्यास तिच्यातले काय जिवंत आहे? आणि तिला हात लावणाऱ्याला तिच्यातला धोका ठाऊक आहे काय? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर मग तिला ठेवा, दुरुस्त करा किंवा मोडा. जे कराल ते डोळस असेल.